रेकॉर्ड घेण्याआधी टेपची चौकशी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पहिल्याच पगारातून जमैकन डबच्या, म्हणजे तयार रेगे गाणे मोडून नव्याने जुळवलेल्या संगीताच्या, तीन पुनर्मुद्रित रेकॉर्ड मागवल्यास हे वाचून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. तिन्हींची वेष्टने किती देखणी आहेत हे तू सविस्तर लिहिलेस, परंतु त्यांतला आवाज कुठून घेतला आहे, मूळ टेपवरून की एखाद्या जुन्या रेकॉर्डवरून, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. पैसे मोजण्याआधी पहिली चौकशी करायची ती त्याचीच.

जमैकातल्या किंग्स्टन शहराच्या वॉटरहाउस भागात, ड्रोमिली अ‍ॅव्हेन्यूवरच्या आपल्या घरी ऑसबोर्न रडक, म्हणजेच किंग टबी, जे करीत असे ते जरा डोळ्यांसमोर आण. हा मूळचा विजेची उपकरणे दुरुस्त करणारा माणूस. तयार गाण्याची टेप लावून तो आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, मिक्सरवर, बसे, गायकाचा आवाज मध्येच काढून घेई, बेस आणि ड्रम उघडे ठेवी, गिटारचा एखादा तुकडा एकोत, म्हणजे प्रतिध्वनीत, सोडून देई, आणि हे सारे टेप चालू असताना, हातांनी. तेच मिक्स, म्हणजे आवाजांची तीच जुळणी, दुसऱ्यांदा हुबेहूब उमटणे जवळपास अशक्य. म्हणून डबची रेकॉर्ड ही एका मैफलीचे ध्वनिमुद्रण समज. त्याच रागाची दुसरी मैफल कितीही रंगली, तरी ती हिची जागा घेत नाही.

ही मैफल ज्या टेपवर उतरली, ती मात्र पुष्कळदा आज हाती लागत नाही. टेप महाग, त्यामुळे जुने पुसून तिच्यावरच नवे ध्वनिमुद्रण करण्याची तेव्हा रीत होती. काही टेपा दमट हवेने खाल्ल्या. डबचा दुसरा मोठा निर्माता ली पेरी, त्याचा ब्लॅक आर्क स्टुडिओ तर १९८३ मध्ये जळून गेला. अशा वेळी नव्या प्रकाशकाला त्या काळची एखादी बऱ्या स्थितीतली रेकॉर्ड मिळवून तिच्यावरूनच आवाज उतरवून घ्यावा लागतो. त्यात कमीपणा काही नाही, फक्त त्याने ते वेष्टनावर सांगावे आणि खरखर काढताना हात आवरता घ्यावा. पंधराएक वर्षांपूर्वी मी एक आवृत्ती बरीच किंमत देऊन घेतली होती. खरखर नावाला नव्हती. पण रिमशॉटचा, म्हणजे ड्रमच्या कडेवर मारलेल्या ठोक्याचा, एको आठ-दहा वेळा घुमत विरत जायला हवा, तो चौथ्या खेपेलाच कुणी दार लावून घ्यावे तसा तुटत होता. खरखर काढणाऱ्या यंत्राला एकोची शेपटी आणि धुळीचा आवाज यांतला फरक कळला नव्हता. तेव्हापासून मी थोडी खरखर असलेली आवृत्ती बिनतक्रार घेतो.

दुसरी चौकशी आवृत्तीची. सारख्या नावाच्या दोन रेकॉर्ड सारख्या असतीलच असे नाही. पेरीचा ‘सुपर एप’ (१९७६) जमैकात गाण्यांच्या ज्या क्रमाने निघाला, तो क्रम इंग्लंडमधल्या आयलंड कंपनीच्या आवृत्तीत नाही. त्याच्याच १९७३ च्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’च्या बाबतीत तर पुढे किंचित निराळ्या नावाने निघालेल्या आवृत्तीत गाण्यांची यादीच बदलली. म्हणून मागवण्यापूर्वी गाण्यांची यादी ताडून पाहा.

प्रकाशकांपैकी मँचेस्टरच्या ‘ब्लड अँड फायर’ने नव्वदच्या दशकात या कामाला शिस्त लावली: स्वच्छ आवाज, कोण वाजवतो आहे याची नीट नोंद, सोबत वाचनीय टिपण. ती कंपनी पुढे बंद पडली, त्यामुळे तिच्या रेकॉर्डच दुर्मीळ म्हणून विकल्या जाऊ लागल्या, याची मला गंमत वाटते. लंडनचे ‘प्रेशर साउंड्स’ त्याच काळातले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वॅकीज या रेकॉर्ड कंपनीसाठी बर्लिनच्या ‘बेसिक चॅनल’ कंपनीवाल्यांनी काढलेल्या आवृत्त्या डोळे मिटून घ्याव्यात.

पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी येते, हे तुला सांगायला नको. रेकॉर्ड उभ्या ठेव आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेव.

आणखी एक. ऑगस्टस पाब्लोचा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ (१९७६) तू मागवला आहेस, पण त्याचे शीर्षकगीत ज्यावरून केले, ते गायक जेकब मिलरचे ‘बेबी आय लव्ह यू सो’ ऐकले आहेस का? आधी ते चार-पाच वेळा ऐक. मिलरचा आवाज कानात बसला, की टबी तो नेमका कुठे तोडतो आणि पाब्लोचा मेलोडिका, ती फुंकून वाजवायची छोटी पेटी, कोणत्या जागी शिरतो, हे आपोआप कळू लागेल. पुढच्या रविवारी येताना तुझी प्रत घेऊन ये. माझ्याकडची जुनी आहे, तिच्यावर दुसऱ्या बाजूला एक ओरखडा आहे. दोन्ही लागोपाठ लावू आणि बेस कुणाचा खोल आहे ते पाहू.

तुझा,
काका