दुसरीतल्या मुलीला जोडाक्षरं वाचता येत नाहीत आणि वहीही निम्मी कोरी असते. ट्यूशन लावावी का?

ताई, ट्यूशन लावू नका. उत्तर संपलं. पुढचं वाचायचं तर वाचा, कारण त्यात आमच्या घरचं भांडण येणार आहे.

तुम्ही लिहिलंय की मुलगी सांगलीला मराठी शाळेत दुसरीत आहे, जोडाक्षर आलं की अडखळते, शाळेत रोज तेच तेच करून घेतात, वहीत काही नसतं, मग घरी किती वेळ बसवायचं आणि शिकवणी लावायची का. यातलं 'वहीत काही नसतं' वाचलं आणि आमचे भाऊजीच डोळ्यांपुढे उभे राहिले.

मी एसटीत कंडक्टर. घर कोरेगाव तालुक्यात, मालक शेती बघतात, आलं आणि घेवडा. पोरगी गावातल्या झेडपीच्या शाळेत. आता चौथीला आहे, पण ही गोष्ट ती दुसरीत असतानाची. चैत्रात गावची यात्रा होती. थोरले भाऊजी साताऱ्याला एमआयडीसीत, त्यांचा मुलगा तिथल्या एका इंग्रजी शाळेत तिसरीला. सकाळी चहा पिता पिता भाऊजींनी माझ्या पोरीचं दप्तर ओढलं आणि मराठीची वही चाळायला लागले. कुठं दोन ओळी, कुठं चित्र, कुठं पान कोरं. "वर्षभर काय केलं गं शाळेत? नुसती गाणीच म्हणता काय?" मग शेजारी पडलेला पेपर तिच्यापुढे धरला, पहिल्या पानावरची बातमी वाच म्हणाले. बातमीची सुरुवातच अशी होती, 'जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली'.

पोरीने 'जिल्हा' काढलं. 'धि' काढलं, 'का' काढलं, आणि 'ऱ्यां' वर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली. भाऊजी म्हणाले, "झालं. दुसरी संपत आली आन एक शब्द वाचता येईना. ट्यूशनला घाल, न्हाईतर आमच्याकडं ठेव सातारला." आत्याबाईंसमोर, म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर, चार पाहुण्यांसमोर. जाऊबाई चुलीजवळून बोलल्या, "आई सारखी गाडीवर, मग पोरीचं बघणार कोण?"

सणासुदीचं घर, मी तेव्हा तोंड उघडलं नाही. इथं उघडते.

त्या दोन शब्दांत जोडाक्षरं किती ते मोजा. ल्हा, ऱ्यां, च्या, ध्य, क्ष. पाच. आणि अध्यक्षता म्हणजे काय हे दुसरीतल्या पोरीला माहीत असायचं काही कारण नाही. पोहायला शिकणाऱ्याला कृष्णेच्या पुरात ढकलायचं आणि वर म्हणायचं, हिला पाण्यात उतरता येत नाही. दुसरीचं माप ठरलेलं आहे. केंद्र सरकारने 5 जुलै 2021 ला निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यात दुसरीच्या मुलाने त्याच्या वयाचा मजकूर मिनिटाला 45 ते 60 शब्द या गतीने, समजून वाचावा असं आहे. पेपर नाही, त्याच्या वयाचा मजकूर. 'असर'वाले गावोगाव मुलांचं वाचन तपासतात, त्यांचा दुसरीच्या पातळीचा मजकूर म्हणजे सोप्या वाक्यांची एक छोटी गोष्ट असते. तीसुद्धा 2024 च्या अहवालात देशभरच्या खेड्यांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 27.1 टक्क्यांनाच नीट वाचता आली. हे काही भूषण नाही. पण तुमची मुलगी जगात एकटीच मागे राहिलीय असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा.

आता वही कोरी का. मी आमच्या शाळेच्या माता पालक गटात लीडर माता होते, त्यामुळे बाईंशी बोलणं होतं. यात्रेनंतर सरळ विचारलं, "बाई, वहीत काहीच दिसत नाही, घरचे बोलतात." बाई म्हणाल्या, "तुमची सुट्टी असेल तेव्हा वर्गात येऊन बसा." गेले.

परिपाठ झाला की दुसरीच्या वर्गात पहिली गोष्ट रोज एकच. एक पोरगं उठून घरची बातमी सांगतं आणि बाई ती फळ्यावर लिहितात, ते जसं बोललं तशीच. त्या दिवशी एकाने सांगितलं, 'आमची म्हस राती याली.' बाईंनी तेच लिहिलं, सगळ्या वर्गाने बोटासरशी वाचलं. मग विचारलं, पुस्तकात हे कसं लिहितील? पोरांनीच सांगितलं, म्हैस, रात्री, व्याली. म्ह आधीच होता, आता त्र आला, व्य आला. बाईंनी त्यातला त्र धरला आणि पोरं सुटली. रात्र, पत्रा, कुत्रा, चित्र, यात्रा. पत्रा कुणाच्या घरचा, कुत्रा कुणाचा, सगळं गावातलंच.

मग जोडीवाचन. एक वाचणारं, एक अडखळणारं, दोघांत एक पुस्तक. बाई रोज तीन-चार पोरांजवळ बसून ऐकतात आणि स्वतःच्या रजिस्टरला नोंद करतात. मग बाई एक गोष्ट वाचून दाखवतात, तेव्हा कुणी काही लिहायचं नाही, ऐकायचं. आणि शेवटी पाटीवर चार-पाच शब्दांचं श्रुतलेखन. शेजारच्याने तपासायचं, चुकलेलं पुन्हा लिहायचं, पाटी पुसायची.

पाटी पुसली. आता वहीत काय दिसणार?

रोज तेच तेच म्हणून तुम्ही तक्रार करताय ना ताई, तेच त्या वर्गाचं बळ आहे. पुढे काय करायचंय हे पोरांना पाठ असतं, त्यामुळे बाईंची सूचना समजून घेण्यात डोकं जात नाही, ते सगळं त्या नव्या अक्षरावर लागतं. उलट भाऊजींच्या मुलाच्या वह्या बघा. पानंच्या पानं भरलेली, प्रत्येक पानाखाली लाल बरोबरची खूण. फळ्यावरून उतरवून घेतलेली उत्तरं आहेत ती. उतरवून घ्यायला वाचता यावं लागत नाही, हात चालला की झालं. मी त्या पोराला दोष देत नाही, गुणी आहे. पण वही भरली म्हणजे पोरगं शिकलं हे ज्याने ठरवलं त्याने कधी पोराच्या शेजारी बसून पुढचा, न शिकवलेला धडा वाचून घेतलेला नाही.

आणि त्याच यात्रेत संध्याकाळी काय झालं ते ऐका. वेशीजवळ फ्लेक्स लागला होता. पुतण्या माझ्या पोरीला विचारत होता, "कुस्त्या आज हायत का उद्या?" त्याला मराठी फारसं वाचता येत नाही. पोरगी फ्लेक्सखाली उभी राहून बोट नाचवत म्हणाली, "श्री भैरवनाथ यात्रे... यात्रेनिमित्त कुस्त्यांचे जंगी मैदान. उद्या हाय. दुपारी तीनला." 'कुस्त्यांचे' मध्ये स, त आणि य तिन्ही जोडलेत, ऱ्यां पेक्षा सोपं नाही ते. पण कुस्त्या तिच्या कानावरचा शब्द. स्त्या पर्यंत पोचायच्या आधीच तिला कळलं होतं की इथं कुस्त्याच असणार. मी विचारलं, त्याच्या खाली काय लिहिलंय? म्हणाली, "ते वाचायचं नसतं, तिथं नुसते फोटू असत्यात." भाऊजी तेव्हा देवळामागे पत्ते खेळत होते, त्यांनी ऐकलं नाही. मी सांगितलंही, तर म्हणाले पाठ असेल तिला.

म्हणून माझं म्हणणं, जोडाक्षरं वहीत शंभरदा गिरवून घेऊ नका. ती रोज डोळ्यांपुढे असतात त्या जागी वाचायला लावा. आमची एसटी घ्या. मराठीत र चार तऱ्हेने जोडला जातो आणि पोरं सगळ्यात जास्त तिथंच फसतात. गाडीवर लिहिलेलं असतं 'महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ'. ष्ट्र मधला र झाला, मार्ग मधला रफार झाला. आत 'धूम्रपान करू नये', तिथं म च्या पायातला र. राहिला चौथा, तो कऱ्हाडमध्ये. पाटीवर कुठं कराड असतं, कुठं कऱ्हाड, पोरीला विचारा आज कोणतं होतं. सीटांच्या वर 'स्वातंत्र्यसैनिक' लिहिलेलं सापडलं तर ते मोठ्या मुलांना सोडा, तिथं मोठी माणसंही अडखळतात. तिकीट मशीनच्या रोलचं शेवटचं उरलेलं टोक मी घरी न्यायचे. त्या कागदावर नखाने जोरात ओढलं तरी काळी रेघ उमटते, पेन्सिल लागत नाही. पोरगी त्यावर गावांची नावं लिहून आजीला 'तिकीट' द्यायची. म्हसवड, पुसेगाव, कऱ्हाड. आत्याबाईंना वाचता येत नाही, त्या विचारायच्या, "कुठलं दिलंस गं मला?" मग हिला वाचून दाखवावं लागायचं. ही शिकवणी फुकट होती आणि जाऊबाईंना ती दिसत नव्हती, कारण तेव्हा मी गाडीवर असायचे.

किती वेळ बसवायचं हे विचारलंत. पंधरा-वीस मिनिटं, रोज, ठरल्या वेळी. जेवणाआधी म्हणजे जेवणाआधीच. थोडं तिने वाचायचं, थोडं तुम्ही वाचून दाखवायचं, मग दिवसातलं एक वाक्य तिने स्वतःच्या मनाने लिहायचं. आमची एकदा लिहून बसली होती, 'मम्मी रातच्याला येती तवर मी जागीच असती.' भाऊजींना हे अशुद्ध वाटतं. ते पुस्तकी नाही हे मलाही कळतं, पण ते तिचं आहे, कुठल्याही फळ्यावरून उतरवलेलं नाही. पाणी लिहिलेलं असताना 'पानी' वाचलं तर मध्येच तोडू नका, तिला कळलंय. घर लिहिलेलं असताना 'घार' वाचून पुढे निघाली तर थांबवा, तिला कळलेलं नाही.

दुसरीच्याच गणितावरून आठवलं. 2019 ला पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' असं वाचायची पद्धत आली तेव्हा अख्खा महाराष्ट्र हसला होता. भाऊजी अजून हसतात. पण पोरं त्रेचाळीस ऐकून 34 लिहितात हे ज्यांनी बघितलंय ते हसणार नाहीत. आपण बोलताना तीन आधी बोलतो आणि लिहिताना चार आधी लिहितो, पोराने काय करावं? तुमच्या मुलीचं असं होत असेल तर दोन्ही तऱ्हेने म्हणून घ्या, बिघडत काही नाही.

आता थोडं सावधपणे. सगळ्या झेडपी शाळांत आमच्या बाईंसारखं चालतं असं मी म्हणत नाही. दोनशिक्षकी शाळेत एकाच गुरुजींकडे दोन-दोन वर्ग असतात, त्यात कागदपत्रं आणि ऑनलाइन माहिती भरणं, तिथं वही खरंच कोरी असू शकते आणि पाटीही. म्हणून वही बघण्यापेक्षा एकदा वर्गात जाऊन बसा, किंवा घरी मुलीपुढे कधी न बघितलेली सोपी गोष्ट ठेवा आणि ऐका. इंग्रजी शाळांतही चांगल्या बाई असतात, माझा राग भाऊजींवर आहे. आणि दुसरी संपत आली तरी सुटी अक्षरंच ओळखू येत नसतील, काल आलेलं आज पार पुसलं जात असेल, पुस्तक नाकाला लावून वाचत असेल किंवा मागून हाक मारली तर वळत नसेल, तर ट्यूशनने काही होणार नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, ते कधी येणार हे बाईंना विचारा. शिकण्यातलीच अडचण वाटली तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, शाळेमार्फत त्यांना भेटता येतं. यात लाज वाटून घ्यायचं काही नाही आणि वेळही काढू नका.

ट्यूशनचे जे पैसे वाचतील त्यात मे महिन्यात मुलीला भिलारला घेऊन जा. पाचगणी-महाबळेश्वरच्या मध्ये आहे, 2017 पासून पुस्तकांचं गाव. घराघरांत कपाटं भरून पुस्तकं, कुठंही बसून वाचा, कुणी उठवत नाही. सांगलीहून साताऱ्याला या, तिथून वाई-पाचगणीवरून जाणारी महाबळेश्वरची गाडी धरा आणि भिलारला उतरायचंय म्हणून कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा. मुलीचं अर्धं तिकीट आणि महिला सन्मान योजनेत तुमचंही अर्धंच. सुट्टे पैसे घेऊन या म्हणजे झालं.