पोर्टफोलिओत स्वतःला किती दाखवायचं?

प्रश्न : मी बारावीत आहे. मातीत शरीरं घडवतो. घडवता घडवता त्यांच्या पाठी, खांदे डोंगरउतारांसारखे होत जातात. मी समलिंगी आहे आणि ही शिल्पं त्यातूनच येतात. घरी अजून माहीत नाही. कला महाविद्यालयाच्या प्रवेशाला ही कामं दाखवू का? आणि यावर पोट भरेल का?

उत्तर : कामं नक्की दाखव. स्वतःबद्दल काय सांगायचं, हा निर्णय वेगळा आणि तो सर्वस्वी तुझा. परीक्षकांना शिल्पाबद्दल बोलायचं असतं: तोल कुठे पेललाय, ही पोकळी इथेच का, माती का निवडलीस. खासगी आयुष्य न उघडताही याची खरी उत्तरं देता येतात. घरी सांगण्याची घाई प्रवेशासाठी करू नकोस. फी आणि राहणं घरच्यांवर अवलंबून असेल, तर आधी विश्वासातलं एखादं मोठं माणूस गाठ.

तुझ्या विषयावर काम केलेल्यांचा बारकाईने अभ्यास कर. आना मेंदिएता या क्युबन-अमेरिकन कलाकार स्त्रीने १९७३ ते १९८० या काळात स्वतःच्या देहाची आकृती माती, वाळू, गवतात उमटवली. कॅसिल्स हे ट्रान्स कलाकार सुमारे ९०० किलो मातीच्या ठोकळ्यावर काळोखात लाथाबुक्क्यांचा मारा करतात. त्यातून जो आकार उरतो, तेच शिल्प. आणि समलिंगी कलाकार फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस! एड्सने गेलेल्या जोडीदाराचं व्यक्तिचित्र त्यांनी १९९१ मध्ये चकचकीत कागदातल्या, खायच्या गोड गोळ्यांच्या ढिगातून केलं. ढिगाचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण एका धडधाकट माणसाइतकं. येणाऱ्या प्रत्येकाला गोळी उचलता येते, आजारात शरीर झिजावं तसा ढीग घटतो, आणि पुन्हा भरता येतो. प्रेम आणि मृत्यू इतक्या थेटपणे सांगणारं दुसरं शिल्प मला आठवत नाही. तिथे सगळं काम वजनाने केलंय. तूही तुझ्या प्रत्येक शिल्पाला विचार, यात माती नेमकं काय करतेय?

पोटाचं म्हणशील, तर निव्वळ शिल्पं विकून जगणारे थोडेच. म्हणून पहिल्या वर्षापासूनच साचेकाम आणि ओतकाम पक्कं कर. फाउंड्री (धातू ओतण्याचा कारखाना), सिनेमा-नाटकाचे सेट, संग्रहालयांतलं जतनकाम, कृत्रिम अवयवांची निर्मिती, शिकवणं, सगळीकडे हा हात लागतो. ओतकामातल्या रेझिनसाठी (घट्ट होणारं प्लास्टिकसारखं रसायन) योग्य मास्क वापर. मातीची सुकी धूळ झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस.

पोर्टफोलिओत मोजकीच, पण पूर्ण झालेली शिल्पं ठेव. प्रत्येकाचे चारही बाजूंनी फोटो काढ, माप लिही. जिवंत मॉडेलवरून केलेली रेखाटनं आणि डोंगरउतारांची स्केचेस शेजारी शेजारी लाव. फसलेल्या प्रयोगांची वहीही सोबत ने. मुलाखतीत ती मागू शकतात.