पॅड बदलल्यानंतर ब्रेकचे पेडल मऊ का लागते?

प्रश्न : गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड मी घरीच बदलले. तेव्हापासून पेडल मऊ लागते आणि बरेच खाली जाते. पुढील आठवड्यात कसारा घाट उतरून कल्याणला जायचे आहे. काय करावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दोष दूर होईपर्यंत घाटच काय, गल्लीतही गाडी काढू नये. नवे जाड पॅड बसवताना कॅलिपरचा (पॅड चाकाच्या चकतीवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मागे ढकलावा लागतो, त्यामुळे पहिल्या काही दाबांत पेडल खाली जाणे स्वाभाविक आहे. परंतु उभ्या गाडीत वारंवार दाबूनही ते घट्ट होत नसेल, तर ब्रेक ऑइलच्या नळीत हवा शिरली असण्याची शक्यता अधिक. ब्रेक ऑइल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते, आणि तोच मऊपणा पायाला जाणवतो. पॅड बदलताना ब्लीडर स्क्रू (कॅलिपरवरील, हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) उघडला होता का, किंवा टाकीतील ऑइल खालच्या खुणेखाली गेले होते का, हे आठवून पाहा. तसे असल्यास ब्लीडिंग करून घ्यावे, म्हणजे त्या स्क्रूतून ऑइलसह हवा बाहेर काढावी. ते करताना टाकी रिकामी होऊ देऊ नये, अन्यथा सारे श्रम वाया जातात. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे आणि सीलबंद डब्यातलेच घ्यावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते. कॅलिपर काढून उलटसुलट बाजूंना बसवले गेले असतील, तर ब्लीडर खाली येतो आणि कितीही ब्लीडिंग केले तरी हवा वरच अडकून राहते. ही चूक अनेकदा शेवटी लक्षात येते. पॅड तिरके बसलेले नाहीत आणि कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात, हेही पाहावे. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली सरकत असेल, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचा (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या भागाचा) दोष संभवतो. तेव्हा मेकॅनिकलाच घरी बोलवावे.