बेपत्ता माणसाचा जाब कोणी द्यायचा? सान होसेच्या न्यायालयाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यातल्या काही प्रश्नांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : कुलभूषण जाधव यांचे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. एक न्यायालय असताना कोस्टा रिकात हे दुसरे कशाला? (सांगली)

हेगला भांडण देशादेशांतले असते. जाधव प्रकरणात भारत वादी होता आणि पाकिस्तान प्रतिवादी. स्वतः जाधव किंवा त्यांचे कुटुंब तिथे पक्षकार नव्हते. कोस्टा रिकाची राजधानी सान होसे इथल्या न्यायालयात उलट असते : माणूस एकीकडे आणि बहुतेक वेळा त्याचेच सरकार समोर. १९६९ मध्ये याच शहरात अमेरिका खंडातल्या देशांनी मानवी हक्कांचा करार केला, १९७८ मध्ये तो अंमलात आला आणि १९७९ मध्ये न्यायालय सुरू झाले. न्यायाधीश सात. पीडिताला मात्र तिथे थेट दाद मागता येत नाही. आधी वॉशिंग्टनच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची. आयोगाचे म्हणणे सरकारने मनावर घेतले नाही, तर प्रकरण सान होसेला जाऊ शकते.

तुम्ही जाधवांचे नाव काढले म्हणून आणखी एक सांगतो. परदेशी नागरिकाला अटक केली की त्याला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे हे विनाविलंब सांगायचे, असे वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना कराराचे ३६वे कलम म्हणते. २०१९ मध्ये हेगने पाकिस्तानविरुद्ध निकाल दिला तो याच कलमावर. त्याच्या वीस वर्षे आधी, १ ऑक्टोबर १९९९ रोजी, मेक्सिकोने विचारलेल्या प्रश्नावर सान होसेच्या न्यायालयाने मत दिले होते की हा हक्क त्या अटक झालेल्या माणसाचाही आहे आणि तो डावलून कुणाला फाशी दिली, तर ते मनमानीने जीव घेणे ठरते. मेक्सिकोला काळजी होती ती युनायटेड स्टेट्समध्ये देहदंड झालेल्या आपल्या नागरिकांची.

प्रश्न : या न्यायालयाचा सर्वांत महत्त्वाचा निकाल कोणता? (पुणे)

माझ्या मते पहिलाच मोठा निकाल, वेलास्केस रॉड्रिगेस विरुद्ध होंडुरास. १२ सप्टेंबर १९८१ च्या दुपारी मानफ्रेदो वेलास्केस या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला राजधानी तेगुसिगाल्पात सशस्त्र माणसांनी उचलले. सरकारने हात वर केले : आमच्या ताब्यात असा कुणी नाही. महिना उलटायच्या आत आयोगाकडे तक्रार गेली. खटला न्यायालयात पोहोचायला १९८६ उजाडले.

इथे खरी अडचण पुराव्याची होती. मृतदेह नाही, अटकेची नोंद नाही, कोठडीत पाहिल्याचे सांगायला कुणी धजत नाही. साक्षीदारांची काय गत होत होती, तेही पाहा. ऑक्टोबर १९८७ मध्ये मिगेल आन्हेल पाव्होन हे होंडुरासमधले मानवी हक्क कार्यकर्ते साक्ष देऊन गेले आणि जानेवारी १९८८ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. साक्षीला बोलावलेल्या एका लष्करी सार्जंटचाही त्याच महिन्यात खून झाला. खटला चालू असताना!

२९ जुलै १९८८ च्या निकालात न्यायालयाने या अडचणीतून वाट काढली. १९८१ ते १९८४ या काळात होंडुरासमध्ये शंभर ते दीडशे माणसे अशीच नाहीशी झाली होती : दिवसाढवळ्या, साध्या वेशातल्या माणसांकडून, बिनानंबरच्या गाड्यांतून. ही पद्धत सिद्ध झाली आणि वेलास्केसचे जाणे त्या पद्धतीत बसते हे दिसले, म्हणजे पुरे. पुरावा नष्ट करणे हाच ज्या गुन्ह्याचा भाग आहे, त्यात पुरावा नसल्याचा फायदा सरकारला मिळू द्यायचा नाही, ही त्यामागची भूमिका.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. माणसाला नेमके कोणी उचलले हे कळले नाही तरी सरकार सुटत नाही, असे न्यायालयाने म्हटले. गुन्हा टाळणे, त्याचा मनापासून तपास करणे, दोषींना शिक्षा करणे आणि भरपाई देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. तपास नातेवाइकांनी हातात कागद आणून देईपर्यंत थांबत नाही आणि त्या माणसाचे काय झाले हे कळेपर्यंत संपत नाही. ‘तुम्हीच शोधा, सापडला तर सांगा’ असे आईला किंवा बायकोला सुनावणाऱ्या प्रत्येक कचेरीला हे उत्तर आहे, आणि म्हणून मला हा निकाल जवळचा वाटतो.

प्रश्न : युनायटेड स्टेट्सवर या न्यायालयात खटला भरता येतो का? (न्यू जर्सी)

नाही. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७७ मध्ये करारावर सही केली, पण सिनेटची मंजुरी आजवर मिळालेली नाही. कॅनडाही करारात नाही. आयोगाकडे मात्र दोन्ही देशांविरुद्ध तक्रार करता येते.

प्रश्न : न्यायालयाकडे ना पोलीस ना तुरुंग. मग सरकारे ऐकतात कशाला? (नाशिक)

कधी ऐकतात, कधी नाही. पेरूचे उदाहरण घेऊ, कारण त्यात दोन्ही आहे. ३ नोव्हेंबर १९९१ च्या रात्री लिमातल्या बारिओस आल्तोस या जुन्या वस्तीत निधी जमवण्यासाठी जेवणावळ चालली होती. लष्कराच्या ‘कोलिना’ टोळीने आत शिरून १५ जणांना मारले. त्यात आठ वर्षांचा एक मुलगा होता. १९९५ मध्ये तपास लष्करापर्यंत पोहोचतोय असे दिसताच राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारने अशा लष्करी लोकांना माफी देणारा कायदा केला. आंतोनिया साकिकुराय या न्यायाधीश बाईंनी तो लागू करायला नकार दिला, तेव्हा न्यायाधीशांचे हात बांधणारा दुसरा कायदा काही दिवसांत आला. एकट्या न्यायाधीशाने आपल्या पदावर राहून एवढे धैर्य दाखवावे, याला तोड नाही.

मार्च २००१ मध्ये सान होसेने सांगितले की असे माफीचे कायदे मुळातच निरर्थक आहेत. तोवर फुजिमोरी पायउतार झाले होते. खटले पुन्हा उभे राहिले आणि २००९ मध्ये फुजिमोरींना २५ वर्षांची शिक्षा झाली. २००५ मध्ये अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने लष्करी राजवटीतल्या गुन्हेगारांना पाठीशी घालणारे कायदे रद्द केले, तेव्हा याच निकालाचा आधार घेतला. या न्यायालयाचे खरे बळ इथे आहे : त्याचे निकाल त्या त्या देशातले न्यायाधीश उचलून धरतात. स्थानिक न्यायाधीश मागे हटला, की सान होसेचे कागद कागदच राहतात.

पुढचेही सांगायला हवे. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने स्पष्ट मनाई केली असतानाही पेरूने फुजिमोरींना सोडले. २०२४ मध्ये ते वारले. त्रिनिदादने १९९८ मध्ये आणि व्हेनेझुएलाने २०१२ मध्ये करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. पैशांची भरपाई, स्मारक, जाहीर माफी हे आदेश त्यातल्या त्यात पाळले जातात. ‘दोषींना शिक्षा करा’ हा आदेश वर्षानुवर्षे तसाच राहतो. न्यायालय फाइल बंद मात्र करत नाही. काय केले, काय राहिले, हे सरकारला बोलावून विचारत राहते.

प्रश्न : स्त्रियांवरील हिंसेबाबत काही निकाल आहे का? (लातूर)

आहे. २००१ मध्ये मेक्सिकोतल्या स्यूदाद हुआरेझ इथे कापसाच्या एका शेतात आठ मुलीबायकांचे मृतदेह सापडले. त्यांतल्या तिघींचे प्रकरण सान होसेला गेले. दोघी अल्पवयीन होत्या. मुलगी घरी आली नाही म्हणून आया तक्रार द्यायला गेल्या, तेव्हा ‘गेली असेल मित्राबरोबर’ असे ऐकावे लागले. बेपत्ता झाल्यानंतरचे पहिले तास आणि दिवस शोधासाठी सर्वांत मोलाचे असतात आणि नेमके तेच वाया घालवले गेले, म्हणून २००९ मध्ये न्यायालयाने मेक्सिकोला जबाबदार धरले. मुलीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तपास ढकलणे हाच भेदभाव आहे, असेही म्हटले. हा निकाल आपल्याकडच्या प्रत्येक ठाणे अंमलदाराने वाचावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : भारतीय माणसाला असे न्यायालय आहे का? (परभणी)

नाही. युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेत प्रादेशिक मानवी हक्क न्यायालये आहेत, आशियात नाही. माणूस जबरदस्तीने नाहीसा करण्याविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने २००७ मध्ये सही केली, पण तो अजून स्वीकारलेला नाही. असा स्वतंत्र गुन्हाही आपल्या कायद्यात नाही.

तुमच्याच जिल्ह्यातल्या ख्वाजा युनूसचे, घाटकोपर बॉम्बस्फोटातल्या संशयिताचे, प्रकरण आठवा. २००२ च्या डिसेंबरमध्ये अटक. जानेवारीत पोलीस म्हणाले की नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीने ही कहाणी खोटी ठरवून पोलिसांवरच आरोपपत्र ठेवले. मृतदेह कधी मिळाला नाही आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळला.

तरी मार्ग आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ओडिशातल्या नीलाबती बेहेरा प्रकरणात सांगितले की कोठडीत नेलेल्या माणसाचे काय झाले हे सरकारनेच पटवून द्यायचे. तेव्हा पहिले पाऊल म्हणजे उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (नेलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, अशी) याचिका, आणि तीही लगेच. राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. याशिवाय बेपत्ता व्यक्तींसाठी १९८० पासून काम करणारा संयुक्त राष्ट्रांचा एक कार्यगट जिनिव्हात आहे. करार न स्वीकारलेल्या देशांतले अर्जही तो घेतो आणि फी लागत नाही. अर्जात माणसाचे पूर्ण नाव, उचलल्याची तारीख, ठिकाण, कोणी नेले असा संशय आहे आणि त्यानंतर कुठे कुठे चौकशी केली, एवढे नीट लिहावे. अर्ज दुसऱ्या कुणी केला, तर कुटुंबाची संमती लागते.