कौलं सासऱ्यांकडं, पाणी तुमच्याकडं

प्रश्न : आमचं घर नंदगडजवळच्या खेड्यात आहे. मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढं सोपा, मागं परडं. यंदा उन्हाळ्यात वासे बदलायचे, स्वयंपाकघराला गिलावा करायचा आणि न्हाणीवर छोटा स्लॅब घालायचा, असं ठरलंय. मिस्टर पुण्यात नोकरीला. इथं मी, दोन मुलं आणि सासरे. भाड्याचं घर परवडत नाही, त्यामुळं काम चालू असताना इथंच राहणार. मजुरी वाचावी म्हणून मी पाट्या उचलायला तयार आहे. सासऱ्यांनी सत्तरी ओलांडलीय, पण तेही ऐकत नाहीत. आम्ही नेमकं कोणतं काम अंगावर घ्यावं? आणि मेस्त्री मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू म्हणतात, तो चालेल का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, पाट्या उचलू नका. बेळगाव-खानापूर भागातल्या बांधकामांवर देखरेख करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून हे ठासून सांगतो. पाट्या उचलायला माणूस मिळतो. पाणी मारायला मात्र घरचंच माणूस लागतं. गडी संध्याकाळी हातपाय धुऊन घरी जातात आणि सिमेंट रात्रभर तहानलेलं राहतं. आमच्या भागात जे स्लॅब गळतात, जो गिलावा नखानं खरवडला तरी भुरभुर सुटतो, त्यातलं बरंचसं पाण्याच्या आळसामुळं झालेलं मी पाहिलंय.

गिलावा झाला की दुसऱ्या दिवसापासून पाणी सुरू करा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ दोनदा मारून भागत नाही. भिंत पांढरी पडताना दिसली की मारायचं. स्लॅबवर सिमेंट-वाळूची छोटी आळी बांधून त्यात पाणी साठवा, नाहीतर भिजवलेली गोणपाटं अंथरा. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, आणि पोत्यावर पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) लिहिलेलं असेल तर किमान 10. हल्ली बहुतेक पोती पीपीसीचीच येतात. मी असतो तर 14 दिवस मारलं असतं. खालचे टेकूही तेवढेच दिवस राहू द्या. मेस्त्रीला पुढच्या कामाची घाई असली तरी काढू देऊ नका. तुमच्याकडं नळाला पाणी रोज येत नसेल तर काम सुरू व्हायच्या आधीच दोन बॅरल भरून ठेवा.

स्लॅबचा माल कालवताना जवळ उभ्या राहा. 50 किलोच्या एका पोत्याला 30 लिटरच्या वर पाणी जाता कामा नये. माल पातळ केला की ओतायला सोपा जातो, गड्यांचा हात हलका होतो, पण ताकद जाते. मापाची बादली तुमच्याच हातात असू द्या. ओल्या मालाला उघड्या हातापायांनी शिवू नका. सिमेंटनं कातडी भाजते, आणि ते दुखायला लागेपर्यंत कळतही नाही. रबरी हातमोजे आणि गमबूट घ्या, ते खर्चाला भारी नाहीत.

आता सासऱ्यांचं. त्यांना थांबवू नका, काम द्या. उतरवलेलं प्रत्येक कौल त्यांच्याकडं जाऊ दे. परड्यात सावलीला बसून बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर त्यात चीर आहे. शेवाळ काथ्यानं घासून काढायचं आणि कौलं उभी रचायची. पाठीमागचा शिक्का बघून कारखान्यांप्रमाणं वेगळी करायची, हे फार महत्त्वाचं. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि तिथूनच पाणी आत येतं. एका पाखाडीवर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, एकाच शिक्क्याची कौलं. खानापूर तर कौलं-विटांचाच तालुका, सासऱ्यांना हे शिक्के तुमच्या मेस्त्रीपेक्षा चांगले ओळखता येतील. जुने वासेही त्यांनीच पटाशीनं टोचून बघावेत. आत भुसा लागला नाही तर तो वासा टाकून देऊ नका. जुन्या फणसाच्या लाकडाच्या तोडीचं लाकूड आज विकत मिळणं अवघड आहे.

सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीला नको म्हणजे नकोच. तो मातीला धरत नाही. जोत्यातून वर चढलेली ओल सिमेंटच्या मागं कोंडते, आणि दोन-चार पावसाळ्यांत मातीचा थर घेऊनच पोपडा खाली येतो. खानापूरच्या पावसात तर लवकरच. मातीचा लेप द्या, नाहीतर चुन्याचा गिलावा करा. न्हाणीची भिंत विटांची नवी बांधणार असाल तर तिथं सिमेंट खुशाल वापरा.

राहण्याचं म्हणाल तर एक खोली शेवटपर्यंत फोडू द्यायची नाही. मुलांची दप्तरं, धान्य, अंथरुणं सगळं तिथं. दाराला ओली चादर लावा. चूल नाहीतर गॅस परड्यात न्या, सिलिंडर उभाच ठेवा. नवी न्हाणी वापरात येईपर्यंत आडोशाची सोय आधी करून ठेवा, नाहीतर सगळ्यात जास्त हाल तुमचेच होतात. जुन्या दारं-खिडक्यांचा रंग कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. पाणी लावून घासायला सांगा, मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा. वायरिंग असलेली भिंत फोडताना मेन स्विच बंद आहे ना, हे तुम्ही स्वतः बघा.

एक वही करा. कोण आलं, किती पोती आली, किती उचल दिली, हे रोज संध्याकाळी लिहा आणि मेस्त्रीला वाचून दाखवा. पुण्याला फोन करताना तीच वही समोर धरा.

कौलांचं काम मृगाच्या बरंच आधी उरकायला हवं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण खरी भीती वळवाची. तो एप्रिल-मेमध्ये तासाभरात उघड्या घराची माती करून जातो. म्हणून एका वेळी एकच पाखाडी उघडायची, आणि ती झाकेल एवढी ताडपत्री आदल्या दिवशी घरात आली नसेल तर मेस्त्रीला शिडी लावू देऊ नका.