शेजारचे समूहनिवास

प्रश्न : आमच्या सोसायटीत बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या चार प्रौढांसाठी समूहनिवास सुरू होत आहे. सुरक्षिततेच्या काळजीने काही सभासदांचा त्यास विरोध आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 5 नुसार समाजात राहण्याचा हक्क त्यांनाही आहे, तो सभेत मताला टाकण्याचा विषयच नव्हे. काळजी करायची तर त्यांचीच करावी, कारण मारहाण, उपेक्षा किंवा आर्थिक फसवणूक बंद दाराआड फार काळ दडून राहू शकते, आणि तसे घडत असल्याचे मानण्यास कारण असेल तर कलम 7 नुसार कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो. गणपतीच्या आरतीला त्यांना नावाने बोलवावे, म्हणजे एखादा चेहरा दिसेनासा झाल्यास चौकशी होईल. समूहनिवास चालवणाऱ्या संस्थेची नोंदणी, रात्रीचा मदतनीस आणि आग लागल्यास बाहेर पडण्याची सोय मात्र अवश्य विचारावी.