नुसत्या रिंगा टाकून भागेल का?

प्रश्न : ताई, माझी ऑफ-रोड बाइक जुनी आहे. फोर-स्ट्रोक, एकच सिलिंडर, एअर-कूल्ड. चढावर दम टाकते, ॲक्सिलरेटर पिळला की निळा धूर मारते, प्लग तेलकट होतो. पूर्ण इंजिन खोलायला सांगतात, पण तेवढे पैसे नाहीत. हेड आणि ब्लॉक (सिलिंडर) उतरवून नुसत्या रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) आणि गॅस्केट बदललं तर चालेल का? काम मी स्वतः करणार आहे.

उत्तर : आधी एकही पार्ट विकत घेऊ नका. रिंगांनी भागेल की नाही हे ब्लॉकच्या मापावर ठरतं, आणि ते माप अजून कुणी घेतलेलंच नाही.

माझ्या पहिल्या गाडीला मी हेच केलं होतं. बोअरमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या ज्या भोकात पिस्टन वर-खाली होतो त्यात, बोट फिरवलं, गुळगुळीत लागलं, नव्या रिंगा टाकल्या. थोडे दिवस गाडी छान पळाली आणि पुन्हा धूर सुरू. दुसऱ्यांदा खोलली तेव्हा गॅस्केट पुन्हा घ्यावं लागलं, रिंगा वाया गेल्या आणि जे बोअर मारणं (भोक यंत्रावर मोठं आणि गोल करून घेणं) टाळलं होतं, ते करावंच लागलं. घासलेला बोअर वर रुंद आणि खाली अरुंद झालेला असतो, शिवाय थोडा लंबगोल. गोल रिंग त्यात सगळीकडून टेकत नाही. बोटाला हे कळत नाही.

गाडी खोलण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, प्लगच्या भोकाला गेज लावून बघा. इंजिन गरम, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, आकडा लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे 5 मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघा. आकडा चांगला चढला तर दोष रिंगा-बोअरचा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. (कॅमवर डीकॉम्प्रेसर, म्हणजे किक मारताना दाब सोडणारी सोय, असेल तर आकडा मुळातच कमी येतो, घाबरू नका.) धुराची वेळही बोलते : उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आलात आणि पुन्हा पिळताना एक भपकारा आला, तर व्हॉल्व्हची सीलं संशयित. तुमचा धूर ओढताना येतो, म्हणजे रिंगांकडेच बोट जातं.

ब्लॉक उतरला की सगळ्यात आधी कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढा. बाजूला हलला तर चालतं, तेवढी फट ठेवलेलीच असते. वर-खाली ठक्‌ लागलं तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलं, आणि मग वरच्या कामावर एक पैसाही घालू नका. नव्या पिस्टनची ताकद त्या रॉडला झेपणार नाही.

रॉड ठीक असेल तर ब्लॉक मशीन शॉपमध्ये नेऊन बोअर गेजने मोजून घ्या. वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर पुढे-मागे व डावी-उजवीकडे. सहा मापं होतात. ती मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून बघा. मर्यादेत असतील तर हलकं होनिंग (घासदगडाने आत बारीक रेघा पाडणं) आणि नव्या रिंगा, तुमचं म्हणणं खरं ठरलं. बाहेर असतील तर बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन. बऱ्याच इंजिनांना 0.25, 0.50 मिमी अशा पायऱ्यांनी मोठे पिस्टन मिळतात. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू देऊ नका, कारण फट त्या पिस्टनच्या मापावरून ठेवायची असते. आणि रिंग नवी असली तरी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) बघाच. मॅन्युअल नसेल तर 25 मिमी बोअरला साधारण 0.1 मिमी हा हिशेब धरा.

पैसे वाचवायची जागा व्हॉल्व्ह. दांडा सरळ आणि गाइडमध्ये (तो सरकतो त्या नळीत) घट्ट असेल तर बारीक पेस्ट लावून स्वतः घासा, सीटवर सलग करडी पट्टी दिसेपर्यंत. मग व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये (हेडमधल्या हवेच्या किंवा धुराच्या वाटेत) पेट्रोल ओता. दहा मिनिटं गळलं नाही तर काम झालं. व्हॉल्व्ह टायटॅनियमचे असतील तर मात्र घासू नका, वरचा थर जातो. टॉर्क पाना उसना आणा. सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी कडी), व्हॉल्व्ह सील आणि दोन्ही गॅस्केट यांत काटकसर नको. काढलेलं सर्क्लिप पुन्हा बसवलं आणि चालत्या इंजिनात निसटलं, तर नवा बोअर चिरतो.

होनिंगनंतर ब्लॉक गरम पाण्याने, भांड्यांच्या साबणाने आणि ब्रशने धुवा. पेट्रोलने दगडाची पूड निघत नाही, रेघांत बसून राहते. पांढरं फडकं पुसल्यावर पांढरंच राहीपर्यंत धुवायचं, आणि लगेच तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर बघता बघता गंज धरतो. जोडून झाल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, टायमिंगच्या खुणा पुन्हा बघा.

आता मूळ कारण. ऑफ-रोड गाडीचा बोअर बहुतेक वेळा धुळीने खाल्लेला असतो. माझ्या गाडीत फिल्टर स्वच्छ होता, पण फिल्टरच्या डब्यातून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीला क्लॅम्पखाली चीर होती. त्या नळीत आतून बोट फिरवा. बारीक माती लागली तर ती वाट बुजवल्याशिवाय नवी रिंग गाडीत घालू नका.

प्रश्न : टू-स्ट्रोकच्या ब्लॉकला आतून निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण) थर आहे आणि आत रेघा दिसतात. बोअर मारून घेऊ का?

उत्तर : नको. तो थर फार पातळ असतो, नेहमीसारखा बोअर मारला की उडतो. आधी नख फिरवा. नख अडत नसेल तर बहुधा पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं आहे, ते काढून थर शाबूत सापडू शकतो. नख अडलं किंवा खालचा धातू उघडा दिसला, तर थर पुन्हा चढवून घेणं किंवा ओतीव लोखंडाची स्लीव्ह (आतली नळी) बसवणं, हे दोनच मार्ग. स्लीव्ह बसवली तर पुढे ओव्हरसाइज पिस्टन घालता येतो. हात आखडता असेल आणि गाडी शर्यतीची नसेल, तर मी स्लीव्ह घेईन.